‘गोष्टीची पुस्तकं बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली नाव कुणाचंच नाही. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : कथा-कादंबऱ्या आणि सिनेमे कल्पित असतात, म्हणजे खोटे असतात. प्रेमाचं खूळ पोरांच्या डोक्यात यांनीच भरलं. युद्ध काय असतं ते लढलेल्यालाच ठाऊक, घरात बसून लिहिणाऱ्यानं त्याबद्दल बोलू नये. युद्धाचे आणि इतिहासाचे सिनेमे तेवढे मुलांना दाखवावेत, कारण ते खरे असतात आणि त्यांनी देशभक्ती जागते. बाकी ज्ञानासाठी चरित्रं आणि बातम्या पुरेत, गोष्टींत वेळ घालवू नये.

आमच्या शाळेतल्या काही पालकांनी हाच मेसेज पुढे करून वर्गातली पुस्तकपेटी बंद करायला सांगितलं आहे. मी मराठी शिकवते, ती पेटी माझ्या ताब्यात असते. या पालकांची काळजी खरी आहे, ती मला रोज दिसते. पण मेसेजमधली कारणं चुकीची आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कल्पित म्हणजे खोटं’

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये याच कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. परदेशी कॅमेरा मिळण्याची वाट न बघता स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. १९२० चा ‘सैरंध्री’ पौराणिक होता. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता की तो भाग कापावा लागला. पण मला सांगायचं आहे ते १९२५ च्या ‘सावकारी पाश’बद्दल. कथा नारायण हरी आपट्यांची. एक शेतकरी सावकाराच्या कागदात अडकतो, जमीन जाते, गाव सुटतं आणि तो शहरात गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांतारामांनी. देवादिकांचे चमत्कार दाखवले की गर्दी होत होती, त्या काळात या माणसांनी पडद्यावर कर्जबाजारी कुणबी आणला. १९३६ मध्ये बाबूरावांनी तोच विषय बोलपटात पुन्हा केला. त्यातली अंधारात बुडालेली झोपडी आणि लांबून येणारं कुत्र्याचं रडणं, एवढ्यावर जाणकार आजही बोलतात.

तो शेतकरी कधी जन्मालाच आला नव्हता. मग त्याची जमीन जाणं खोटं ठरतं का? १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. हे सगळं दप्तरात आहे. पण कागदावर अंगठा उठवताना माणसाला काय होतं, घरी जाऊन बायकोला तो कोणत्या तोंडानं सांगतो, हे कुठल्याच दप्तरात नाही. ते सांगायला एक कल्पित शेतकरी उभा करावा लागतो.

खोटं बोलणारा माणूस आपलं खोटं लपवतो. कादंबरीकार पहिल्याच पानावर ‘कादंबरी’ असं छापून देतो. तिची परीक्षा करायची तर ती घडली का, एवढंच विचारून भागत नाही. माणसाच्या जगण्यातलं काय तिनं घेतलं आणि काय सोयीनं गाळलं, हे विचारावं लागतं. माझ्या मते खोटेपणा असतो तो गाळण्यात, आणि गाळलेलं खऱ्या घटनांवरच्या सिनेमातही असतं. त्याकडे पुढे येते.

आणखी एक. गोष्ट निव्वळ खोटी, बिनकामाची असती तर सत्ताधाऱ्यांनी तिची धास्ती का घेतली असती? प्रभात फिल्म कंपनी पुण्याला जायच्या आधी कोल्हापुरात होती, १९२९ ते १९३३. इथंच शिवाजी महाराजांवर ‘स्वराज्यतोरण’ नावाचा मूकपट तयार झाला. इंग्रजांच्या सेन्सॉरला ते नाव खपलं नाही आणि १९३० मध्ये तो ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांची गोष्ट सांगणारा सिनेमा लागला होता, एरिक मारिया रेमार्कच्या कादंबरीवरचा. नाझींनी थिएटरात उंदीर सोडून, दुर्गंधीचे गोळे फोडून तो बंद पाडला. तीन वर्षांनी ती कादंबरी चौकात जाळली. दोन्हीकडे भीती होती ती एका गोष्टीचीच.

‘प्रेमाचं खूळ सिनेमानं आणलं’

हे तर इतिहासालाच धरून नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, आपल्या भाषेच्या आजीच्या घरातली. सातशे गाथा, आणि त्यात शेतकरी, वाटसरू, नदीकाठची गावं, चोरून भेटणारी माणसं, वाट बघणाऱ्या बायका. एका गाथेत नवरा परगावी निघून गेलाय आणि ती बाई ‘आज गेला, आज गेला’ म्हणत एकेक रेघ ओढते आहे. पहिला अर्धा दिवस सरायच्या आतच भिंत रेघांनी भरून गेली. कुठला सिनेमा बघून ती हे शिकली होती? जात्यावरच्या ओव्या काढा, शाहिरांच्या लावण्या काढा. प्रेम आपल्याकडे कायमच होतं, त्याबद्दल उघड बोलायची जागा तेवढी बदलत गेली.

शाहू महाराजांनी करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. महाराज १९२२ मध्ये गेले. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’, तोही कोल्हापुरातच तयार झालेला, आला १९३२ मध्ये. म्हणजे जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्यांचा प्रश्न पडद्यावरच्या पहिल्या मराठी गाण्याच्याही आधीचा आहे.

तरी या मुद्द्यात एक खरं दुखणं आहे आणि ते मी झाकणार नाही. मुलगी नाही म्हणते, नायक तिच्या मागं मागं फिरतो, तिची वाट अडवतो, मित्रांना घेऊन गाणं म्हणतो आणि मध्यंतराच्या आत ती हो म्हणते, अशी चाल आपल्या सिनेमांनी वर्षानुवर्षं पोरांपुढे ठेवली. माझ्या वर्गातल्या मुली क्लासवरून घरी जाताना रस्ता बदलतात, रंकाळ्यावर एकटं फिरायला नको म्हणतात, त्यामागे ही चाल नाही असं मी म्हणू शकत नाही. तो सिनेमाचा गुन्हा आहे. पण त्यावर उपाय म्हणून तुम्ही गोष्टीच बंद केल्यात, तर त्या पोरापर्यंत दुसरी गोष्ट पोचणार कशी? १९३७ च्या प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. ती त्याला नवरा मानायला नकार देते आणि तिचं ‘नाही’ शेवटपर्यंत ‘नाही’च राहतं. बदलावं लागतं ते म्हाताऱ्याला. नव्वद वर्षं होत आली या सिनेमाला. नववीतल्या मुलाला आधी हा दाखवा, मग गल्लीतल्या गाण्याबद्दल त्याच्याशी बोला.

बहुतेक प्रेमकथा अक्षता पडल्या की संपतात, हेही गाळणंच. भाडं, गॅस, आजारपण, रुसवेफुगवे, कुणाच्या आईनं कुणाला काय म्हटलं, हे पडद्यामागे राहतं. पण सगळे तसं करत नाहीत. २०१६ च्या ‘सैराट’मधली गाणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला मात्र त्याचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. पळून गेलेली दोघं परक्या शहरात, झोपडपट्टीतल्या खोलीत राहतात. काम शोधतात, भांडतात, संशय घेतात, पुन्हा सावरतात. पाटलाच्या पोरीला तिथलं पाणी आणि संडास सोसत नाही. पळून जायच्या विचारात असलेल्या मुलाला आईबापांनी शंभर वेळा सांगून जे कळत नाही, ते तिथं पाऊण तासात कळतं.

‘युद्ध लढलेल्यानंच सांगावं’

लढलेल्यानं सांगितलं तर सोन्याहून पिवळं. रेमार्क १९१७ मध्ये आघाडीवर होता आणि तिथंच जखमी झाला. पण स्टीफन क्रेन नावाचा अमेरिकन लेखक जन्माला आला १८७१ मध्ये, त्याच्या देशातलं यादवी युद्ध संपलं १८६५ मध्ये. त्यानं त्या युद्धावर १८९५ मध्ये कादंबरी लिहिली, तोवर एकही लढाई बघितलेली नव्हती. विषय काय, तर पहिल्याच लढाईत घाबरून पळून गेलेला एक पोरगा. वाचून त्या युद्धातल्या म्हाताऱ्या शिपायांना वाटलं, हा आपल्यातलाच कुणीतरी असणार. त्यानं अनेकांचं ऐकलं होतं, वाचलं होतं, आणि भीती कशी असते हे त्याला माहीत होतं.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. ‘लढलेला’ म्हणजे फक्त बंदूक धरलेला, हे ठरवलं कुणी?

आपल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगायला लागू नये. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी, करवीरमधलं सैनिक गिरगाव, ही नावं उगीच पडलेली नाहीत. गडहिंग्लज-आजऱ्याकडे घरटी एक माणूस मराठा लाइट इन्फंट्रीत, अशी गावं आहेत. माझे मामा त्यातलेच. ते काश्मीरकडे असताना मामी गावाकडे दोन म्हशी, सासू आणि तीन पोरं सांभाळून होती. पत्र यायचं त्यावर गावाचं नाव नसायचं, नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजी टपालाचा आकडा. पोस्टात हा आकडा सगळ्यांना माहीत, पण तो नकाशावर कुठं आहे हे कुणीच सांगू शकायचं नाही. आत लिहिलेलं एकच : ‘इकडे सर्व खुशाल’. मामीला वाचायला यायचं, तरी ती पत्र मला वाचायला लावायची, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं म्हणे. मी वाचत असताना ती मजकुराकडे बघतच नसायची. शाई कशी आहे, अक्षर हललंय का, ते बघायची. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या बातम्या टीव्हीवर रोज लागायला लागल्या तेव्हा, ती संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला डेअरीला दूध घालायला जायची. घरातल्यांना वाटायचं, कामाची घाई आहे. खरं म्हणजे तिला ते बघायचं नव्हतं. परत आली की दारातूनच विचारायची, ‘कुणाचं नाव आलं?’

मामी लढली नव्हती. तिच्याजवळ युद्धाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं या मेसेजच्या लेखकानं तिच्यापुढे उभं राहून म्हणून दाखवावं.

कोल्हापूरनं युद्ध बघितलं तेही असंच. दुसऱ्या महायुद्धात इथं एक बॉम्ब पडला नाही. पण १९४३ पासून वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियानं घरंदारं सोडायला लावून सैबेरियात नेलेली, इराणमार्गे इथवर आलेली माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. वळिवड्याच्या माळावर त्यांच्या शाळा भरल्या, चर्च उभं राहिलं, हॉस्पिटल चाललं. एक मुलगी तर इथल्याच तरुणाशी लग्न करून कोल्हापूरची झाली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि त्याच जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर हेच. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचं स्मारक आहे, मुलांना घेऊन जाऊन दाखवा. रणांगणापासून हजारो मैल दूर, चार भिंतींच्या बराकीत नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं युद्ध कोण सांगणार? सैनिक तिथं नव्हता. ते कल्पनेनंच गाठावं लागतं.

‘युद्धाचे आणि इतिहासाचे सिनेमे खरे असतात’

मेसेजचा पहिला आणि हा मुद्दा एकत्र नांदूच शकत नाहीत. कल्पित ते खोटं असेल, तर पटकथा लिहून, नट घेऊन, गाणी घालून केलेला युद्धपट खरा कसा?

१९९७ चा ‘बॉर्डर’ घ्या. तो मला आवडतो, आजही लागला की बघते. १९७१ च्या ४ आणि ५ डिसेंबरच्या मधल्या रात्री लोंगेवालाला पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीनं, सुमारे १२० जणांनी, पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर थोपवून धरलं. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि त्यांनी रणगाडे टिपले. या लढाईत आपले दोन जवान शहीद झाले. सिनेमात एकामागून एक माणसं पडतात. सुनील शेट्टीनं केलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंह सिनेमात शहीद होतात. प्रत्यक्षातले भैरोंसिंह राठोड त्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं आणि ते वारले २०२२ च्या डिसेंबरमध्ये. पंचवीस वर्षं एक माणूस आपलं मरण पडद्यावर बघत जगला. शौर्य खरं होतं, ते दाखवायला मरणं वाढवायची गरज नव्हती. १२० जणांनी रात्र काढली आणि दोघं सोडून सगळे वाचले, यात मला कमी थरार वाटत नाही, जास्तच वाटतो.

मामा निवृत्त होऊन घरी आले तेव्हापासून पंधरा ऑगस्टला हा सिनेमा लागला की आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो आणि ते शांत बसायचे. एकदा मध्येच म्हणाले, ‘एवढा येळ लढाय लागल्यात, ह्यास्नी पाणी कुणी आणून दिलं?’ त्यांच्या आठवणीत पाणी होतं, बुटात सुजलेले पाय होते, रॉकेलच्या शेगडीचा धूर होता, आणि काहीही न घडणाऱ्या लांबलचक रात्री होत्या. सियाचीनवर १९८४ पासून गोळीनं गेले त्याहून जास्त जवान थंडीनं आणि हिमकड्यांनी गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण थंडीवर टाळ्या पडत नाहीत, म्हणून ती पडद्यावर फार वेळ राहत नाही. देशभक्ती जागवायची म्हणून हे गाळलं, तर त्या जवानाच्या सोसण्यातला मोठा वाटाच गाळला. हा त्याचा मान नव्हे.

इतिहासाचंही तेच. तानाजी मालुसरे पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपण गोष्टीतून शिकलो. पण सिंहगड हे नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रात मिळतं, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्यानं तानाजींचं बलिदान तसूभर कमी होत नाही. मुलाला दोन्ही सांगता येतं : लोकांनी ही गोष्ट का जपली, आणि कागद काय म्हणतो. आमच्या शाळेची मुलं पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जातात. सिनेमा बघून, कादंबरी वाचून उत्साहात निघतात. म्हाळुंगे ओलांडून मसाई पठारावर धुकं लागतं, पुढचा माणूस दिसत नाही, बूट चिखलात रुततात, खोतवाडीच्या पुढे पायाला जळवा चिकटतात. त्या वेळी एखादा पोरगा विचारतो, ‘बाई, रात्रीचं, पालखी घेऊन कसे गेले असतील हो हे?’ हा प्रश्न त्याला सिनेमानं तिथवर नेलं म्हणून पडला, आणि चिखलानं पाडला. दोन्ही लागतात.

‘चरित्रं आणि बातम्या पुरेत’

चरित्र मोठ्या माणसाचं लिहितात. बातमी त्या दिवसाची असते. याच्या बाहेर राहिलेल्यांचं काय?

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना वाटेत एका सावकारी पत्रातून बातमी कळली, असं सांगतात. त्यात सांकेतिक भाषेत लिहिलं होतं की दोन मोती गळाली, मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याला गणतीच नाही. मोती म्हणजे सदाशिवराव भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. बातमी म्हणून पत्र चोख आहे, त्यात एक अक्षर खोटं नाही. १४ जानेवारी १७६१ ला तिथं पडलेल्या हजारो शिपायांना, बाजारबुणग्यांना, यात्रेसाठी सोबत निघालेल्या बायकांना त्या पत्रात शेवटची अर्धी ओळ मिळाली. पुढच्या इतिहासकारांनी पुष्कळ शोधलं, तरी त्या माणसांची नावं दप्तरात नाहीत, मिळणारही नाहीत. घोडा मेल्यावर पायी निघालेला, उपाशी, थंडीनं काकडणारा एक बारगीर चंबळेच्या अलीकडे कुठंतरी बसला असेल आणि त्याला गावाकडची बोरी आठवली असेल, हे फक्त कादंबरीकार लिहू शकतो. अभ्यास करून, त्या वेळचं हवामान, अन्न, पोशाख तपासून लिहिलं तर ते मला बातमीइतकंच गरजेचं वाटतं. मुलांनी चरित्रं वाचावीत, जरूर वाचावीत, माझ्या पेटीत ती आहेत. पण मोत्यांची नावं पाठ करून खुर्द्याबद्दल त्यांना काहीच वाटलं नाही, तर आम्ही मराठी आणि इतिहास शिकवला कशाला?

‘वेळ वाया जातो’

पुस्तकपेटीचा तास आठवड्यातून एकदाच असतो, आणि मुलं घरी नेतात ते एक पुस्तक. दहावीच्या अभ्यासाला त्यानं धक्का लागलेला मी पाहिलेला नाही. उलट निबंधात ज्यांची वाक्यं सरळ आणि स्वतःची असतात ती बहुतेक पेटीवाली मुलं आहेत. एखादं पुस्तक मुलाच्या वयाला योग्य नाही असं वाटलं तर पालकांनी शाळेत यावं, आपण ते पुस्तक मिळून वाचू आणि ठरवू. कुणाला आपल्या मुलाला पुस्तक नकोच असेल, तर तसं वहीत लिहून सही करावी. बाकीच्यांची पुस्तकं नेहमीसारखी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर बदलून मिळतील.